मुंबई विद्यापीठातील संगणकाधारित उत्तरपत्रिका तपासणी (२०१७) : एक ऐतिहासिक विवेचन

१८५४ च्या वूडच्या खलित्यास अनुसरून १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ प्रारंभी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरील, संलग्नता देणारे व परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि परीक्षा विद्यापीठाने घ्यावी, अशी ही विभागणी होती. परीक्षा हे या संस्थेचे सर्वात जुने कार्य होय. १६० वर्षांनंतर तिच्या माहिती तंत्रज्ञानविषयक प्रशासनाची कसोटी नेमकी याच कार्यात लागली.

२०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय सर्व विद्याशाखांना एकदम लागू करण्यात आला. उत्तरपत्रिकेची ओळख झाकली जावी, बेरजेतील चुका टळाव्यात आणि निकाल लवकर लागावेत, हा हेतू निःसंशय योग्य होता. मात्र तपासणीपूर्वी प्रत्येक पान स्कॅन होणे, ते योग्य विषयाच्या परीक्षकाकडे जाणे आणि परीक्षकास या प्रणालीचा सराव असणे आवश्यक होते. यांपैकी एक दुवा निखळला तरी पुढील सारे काम थांबते. कागदी पद्धतीत एखादा गठ्ठा अडला, तर बाकीचे गठ्ठे पुढे सरकत असत. येथे तशी सोय नव्हती. मर्यादित स्वरूपाची पूर्वचाचणी एखाद्या विद्याशाखेत घेऊन हे दोष हेरता आले असते.

विशेष म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा त्याच वर्षी १ मार्चपासून अंमलात आला होता. त्यात माहिती तंत्रज्ञान मंडळास विद्यापीठाच्या प्राधिकरणाचा दर्जा देण्यात आला. म्हणजे तंत्रज्ञानविषयक निर्णयांचा विचार करणारी वैधानिक यंत्रणा कायद्यात आली, आणि अवघ्या काही आठवड्यांत तंत्रज्ञानविषयक सर्वात मोठा निर्णय अंमलात आणला गेला. नव्या कायद्यानुसारच्या प्राधिकरणांची रचना तेव्हा पूर्ण व्हावयाची होती.

निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत जाहीर करावेत, अशी कायद्याची अपेक्षा होती. कुलपती या नात्याने राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. पदव्युत्तर आणि परदेशातील प्रवेशांसाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना याची झळ सर्वाधिक बसली. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपालांनी तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर केले.