मांगलीची कवटी

तुमसर तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीतल्या पोराने काळा, जड दगड माझ्या हातात ठेवला. "मॅडम, हे डायनासोरचं हाडूक आहे का?" ते मँगनीज होतं. चिखला, डोंगरी बुजुर्गचे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने. तेव्हा हाडं असलेला प्राणीच नव्हता. पण नुसतं "नाही" म्हणणं जिवावर आलं. म्हणून मांगलीची गोष्ट सांगितली.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांना नागपूरच्या दक्षिणेला, मांगली गावाजवळच्या खडकात एक कवटी मिळाली. 1855 मध्ये रिचर्ड ओवेनने लंडनमध्ये तिचं वर्णन छापलं. नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स, म्हणजे आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. गंमत बघा, 'डायनासोर' हा शब्दही ह्याच ओवेनचा, 1842 चा! पण हा प्राणी डायनासोरच्या आधीचा, साधारण 25 कोटी वर्षांपूर्वीचा. पोरांना मी "बेडकाच्या लांबच्या नात्यातला" एवढंच सांगितलं.

तुमच्यासाठी थोडं पुढचं. ओवेनच्या शीर्षकात तो 'सरपटणारा प्राणी' आहे; आज आपण त्याला उभयचरांत धरतो. प्रबंधात लगेच "ओवेन चुकला" असं लिहू नका. त्या काळी ह्या वर्गात काय काय बसवत असत, ते आधी तपासा. माझ्या पहिल्या मसुद्यात मी नेमकं हेच केलं नव्हतं.

त्या पोराचं समाधान झालं नसावं. दगड खिशात टाकत त्याने विचारलं, "मांगलीला बस जाते का?"