बाटलीचा सन्मान, वेचणाऱ्या हाताचे काय?

शाम्पूच्या बाटलीवर, क्रीमच्या डबीवर 'पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक' असे मिरवले जाते. पण उकिरड्यातून ती बाटली वेचली कोणी?

जात म्हणजे श्रमिकांचीच विभागणी, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडले होते. 1993 मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यात बहुसंख्य दलित स्त्रियाच होत्या. संघटनेमुळेच त्यांना ओळखपत्रे मिळाली.

2022 च्या केंद्रीय नियमांनी टणक प्लास्टिक वेष्टनात 2025-26 पासून 30 टक्के पुनर्प्रक्रिया केलेला माल सक्तीचा केला. मालाचा टक्का ठरला, मजुरीचा नाही!

1954 मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून निवडणूक लढले. त्याच जिल्ह्यातून 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाला. गोंदियाच्या तरुणांनो, इथल्या वेचणाऱ्यांना संघटित करा.

जय भीम!