डोंगसोन संस्कृती

डोंगसोन संस्कृती : आग्नेय आशियातील उत्तर ब्राँझयुगीन व आद्य लोहयुगीन संस्कृती. काळ सु. इ. स. पू. ६०० ते इ. स. २००. उत्तर व्हिएटनाममधील तांबडी (हाँग), मा व का या नद्यांची खोरी हे तिचे मुख्य क्षेत्र होय. थान होआ प्रांतात मा नदीच्या उजव्या काठी असलेल्या डोंगसोन या खेड्यावरून तिला हे नाव मिळाले. मोठे ब्राँझचे नगारे ही तिची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती. हे नगारे कोणी व कोठे प्रथम घडविले, हा प्रश्न विसाव्या शतकात केवळ पुरातत्त्वाचा न राहता या भागातील लोकांच्या कर्तृत्वाचा आणि राष्ट्रीय अस्मितेचाही झाला.

शोध व प्रारंभीचे सिद्धांत : या प्रदेशातील नगारे यूरोपीय अभ्यासकांना उत्खननांपूर्वीच परिचित होते. ऑस्ट्रियन विद्वान फ्रांट्स हेगर याने १९०२ मध्ये १६५ नगाऱ्यांचा अभ्यास करून त्यांचे चार मुख्य प्रकार पाडले. त्यांपैकी पहिला प्रकार डोंगसोन नगाऱ्यांचा. डोंगसोन येथे १९२४ मध्ये ब्राँझच्या वस्तू सापडल्यावर लुई पाजो या फ्रेंच जकात अधिकाऱ्याने उत्खननास प्रारंभ केला. थडग्यांत हानकालीन चिनी वस्तू व नाणी मिळाल्यामुळे व्हिक्तोर गोलूब्यू याने १९२९ मध्ये या संस्कृतीचा काळ इसवी सनाचे पहिले शतक ठरविला आणि ओतकामाची कला येथील लोक चिनी लोकांकडून शिकले, असे प्रतिपादन केले. ‘डोंगसोन संस्कृती’ ही संज्ञा रूढ करणाऱ्या रॉबर्ट हाइने-गेल्डर्न याने तिचा उगम थेट पूर्व यूरोप व कॉकेशसकडून झालेल्या स्थलांतरात शोधला, तर स्वीडिश चीनविद्यातज्ञ बर्नहार्ड कार्लग्रेन याने तो चीनमधील ह्वाई शैलीत पाहिला. या तिन्ही मतांत एक समान गृहीत होते : एवढी प्रगत कला स्थानिक लोकांची असणे शक्य नाही.

स्थानिक विकासक्रम : १९५४ नंतर उत्तर व्हिएटनाममधील पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननांमुळे हे गृहीत टिकले नाही. फू थो प्रांतातील फुंग गुयेन हे स्थळ १९५९ मध्ये उजेडात आले. त्यानंतर तांबड्या नदीच्या खोऱ्यात फुंग गुयेन, डोंग दाउ, गो मुन व डोंगसोन असे सलग चार टप्पे निश्चित करण्यात आले. फुंग गुयेन टप्प्यात चकचकीत दगडी कुऱ्हाडी, दगडी कंकणे व कोरीव नक्षीची मृत्पात्रे विपुल असून भातशेती रुजलेली दिसते. डोंग दाउ टप्प्यात ब्राँझचे ओतकाम स्पष्टपणे आढळते व गो मुन टप्प्यात शस्त्रे आणि अवजारे यांची संख्या वाढते. डोंगसोन कारागिरी या परंपरेचा कळस होय.

तथापि स्थानिक विकास म्हणजे संपूर्ण एकाकीपणा नव्हे. थायलंडमधील बान चिआंग येथील ब्राँझला एकेकाळी इ. स. पू. चौथ्या सहस्रकापर्यंत मागे नेण्यात आले होते. पुढील कालमापनांनी ते मत मागे पडले. आग्नेय आशियात धातुविद्येचे प्राथमिक ज्ञान उत्तरेकडून आले, असे आज बहुसंख्य संशोधक मानतात. मात्र त्या ज्ञानाला मिळालेले रूप या भूमीतले आहे.

नगारे व समाजजीवन : डोंगसोन नगारा चामडे न वापरता संपूर्ण धातूचा ओतलेला असतो. त्याचा वरचा भाग फुगीर, मध्य नळकांड्यासारखा व तळ पसरट असतो. तत्कालीन हा नाम प्रांतात १८९३ मध्ये सापडलेला न्गोक लू नगारा हा उत्कृष्ट नमुना होय. त्याची उंची ६३ सेंमी. व माथ्याचा व्यास ७९ सेंमी. असून तो हानोई येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. माथ्याच्या मध्यभागी चौदा किरणांचा तारा असून त्याभोवतीच्या वर्तुळाकार पट्ट्यांत पिसांचे शिरोभूषण घातलेले लोक, खांबांवरील घरे, मुसळाने धान्य कांडणाऱ्या व्यक्ती, हरणे व लांब चोचीचे पक्षी कोरलेले आहेत. अंगावर योद्ध्यांनी भरलेल्या नौका आहेत. समारंभ, शेती व जलप्रवास यांवर उभ्या असलेल्या समाजाचे हे चित्र आहे. हाय फाँग भागातील व्हिएट खे येथे १९६१ मध्ये मिळालेल्या लाकडी शवपेटीत शंभरांहून अधिक वस्तू होत्या; त्यांवरून समाजातील दर्जाभेद दिसतो. को लोआ येथे १९८२ मध्ये सापडलेल्या नगाऱ्यात ब्राँझचे अनेक फाळ भरून ठेवलेले होते. तेथील तटबंदीच्या अलीकडील उत्खननांवरून तिचे मोठे बांधकाम हान आक्रमणापूर्वीचे ठरते. एवढे काम करवून घेणारी केंद्रित सत्ता त्यावेळी अस्तित्वात होती, असा निष्कर्ष त्यावरून निघतो.

शेजारी लोक : युनान प्रांतातील द्येन संस्कृतीचे लोकही असेच नगारे वापरीत. शिजायशान येथील थडग्यांत कवड्या साठविण्यासाठी त्यांचा उपयोग केलेला दिसतो. द्येनच्या राजाची सुवर्णमुद्रा तेथे १९५६ मध्ये मिळाली. युनानमधीलच वानज्याबा येथील साध्या, अल्प नक्षीच्या नगाऱ्यांना चिनी संशोधकांनी सर्वांत प्राचीन मानले. उलट व्हिएटनामी संशोधकांनी त्यांना उत्तरकालीन, अवनत प्रकार ठरविले. १९७०–८० या दशकांत दोन्ही देशांतील राजकीय वैराने या वादाला धार चढली. प्रत्यक्षात त्या काळी ही सीमा नव्हती. नद्यांच्या मार्गाने कारागीर, धातू व कल्पना दोन्ही दिशांना जात होत्या.

मध्य व्हिएटनाममधील समकालीन सा हुइन्ह संस्कृतीची प्रथा निराळी होती. तेथे मृतांना मोठ्या रांजणांत पुरीत. पुढे याच किनाऱ्यावर चाम लोकांचे चंपा राज्य उदयास आले व भारतीय धर्म आणि संस्कृत भाषा यांचा प्रभाव तेथे दृढ झाला [→ चंपा]. डोंगसोन क्षेत्र मात्र चिनी सत्तेखाली गेले. डोंगसोन नगारे सागरी मार्गाने इंडोनेशियातील दूरच्या बेटांपर्यंत पोहोचले होते.

अस्त व वारसा : हान साम्राज्याने इ. स. पू. १११ मध्ये हा प्रदेश जिंकला. इ. स. ४० मध्ये त्रुंग भगिनींनी केलेला उठाव मा युआन या सेनापतीने ४३ मध्ये मोडला. त्याने स्थानिक लोकांचे ब्राँझचे नगारे घेऊन ते वितळविले व त्यांतून घोड्याची प्रतिमा ओतविली, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतो. नगारा हे स्थानिक सरदारांच्या अधिकाराचे चिन्ह असल्याने या कृतीचा अर्थ उघड आहे. त्यानंतर वीटबांधणीच्या हान पद्धतीच्या थडग्यांचा प्रसार झाला. तरीही डोंगराळ भागातील मुओंग लोकांनी नगाऱ्यांची परंपरा शतकानुशतके राखली.

प्राचीन डीएनएच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार थान होआमधील नुइ नाप येथील डोंगसोनकालीन व्यक्ती आजच्या व्हिएटनामी व दाई लोकांच्या निकटच्या ठरतात. तर मान बाक येथील सु. ४,००० वर्षांपूर्वीच्या व्यक्तींत दक्षिण चीनमधून आलेले शेतकरी व स्थानिक शिकारी-संग्राहक यांचे मिश्रण आढळते. व्हिएटनाममध्ये नगारा आज राष्ट्रीय प्रतीक मानला जातो. ही संस्कृती बाहेरून आयात झालेली नाही, हे उत्खननांनी सिद्ध केले. त्याचबरोबर ती एकाच आधुनिक राष्ट्राची मिरास नाही, हेही त्याच पुराव्यांतून स्पष्ट होते.