पूर येतो तो वरून

वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि खाली वर्धा जिल्ह्याची पश्चिम सीमा बनते. ३० जुलै १९९१ रोजी या नदीच्या पुराने जिल्ह्याच्या वरच्या अंगाचे, नागपूर जिल्ह्यातील मोवाड गाव उद्ध्वस्त केले. २०४ माणसे दगावली.

गावातला पाऊस मोजून असा धोका कळत नाही. काळी माती पुरती भिजली की पाणी मुरत नाही. साऱ्या पाणलोटातले पाणी ओढ्यांवाटे एकदमच नदीत उतरते. पुढे मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरण झाले. ते पूर थोपवते; पण भरल्या धरणाचे दरवाजे उघडताना खालच्या गावांना वेळेवर इशारा मिळावा लागतो.

विद्यार्थ्यांकडून नकाशावर आपली नदी उगमापर्यंत गिरवून घ्यावी. पूर कुठून येतो, ते त्यांना दिसेल.