मुतखडा काढणाऱ्यांचे कसब

मूत्र मूत्रपिंडात नेमके कसे तयार होते याचा उलगडा फार उशिरा झाला. मूत्रपिंडातील केशवाहिन्यांचे सूक्ष्म गुच्छ आणि त्यांना वेढणारे पेल्यासारखे आवरण यांचा परस्परसंबंध विल्यम बोमन यांनी लंडनमध्ये 1842 साली दाखवून दिला. मूत्राशयातला खडा कापून काढणारे मात्र त्याआधी निदान दोन हजार वर्षे आपला धंदा करीत आले होते. ज्ञानाच्या आधी हात पोहोचला, याचे कारण शरीराच्या ठेवणीत आहे. मूत्रपिंडे पाठीच्या स्नायूंना लागून, काहीशी बरगड्यांच्या आड असतात, तर मूत्राशय ओटीपोटाच्या तळाशी असल्यामुळे गुदद्वारातून बोट घातले असता त्यातला खडा चाचपता येतो आणि पुढे ढकलून त्वचेजवळ आणता येतो.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातले बहुतेक पाणी आणि उपयुक्त क्षार पुन्हा रक्तात शोषले जातात व उरलेले दीड-दोन लिटर मूत्र मूत्रवाहिन्यांवाटे मूत्राशयात उतरते. पाणी कमी पडले, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार स्फटिकरूपाने वेगळे होतात आणि थरावर थर चढून खडा वाढतो. पूर्वी मूत्राशयातले खडे विशेषतः गरिबांच्या मुलांत आढळत, कारण दुधाविना निव्वळ धान्यावर पोसलेल्या आणि हगवणीने वारंवार सुकलेल्या मुलांच्या मूत्रात ते सहज धरतात. मुलग्यांचा मूत्रमार्ग लांब व अरुंद असल्याने खडा आपोआप पडून जाण्याचा संभवही कमी असे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीच्या, म्हणजे मुतखड्याच्या, शस्त्रक्रियेचे जे वर्णन आहे, ते पुस्तकी नाही. ज्याने हे काम केले वा जवळून पाहिले, त्याच्याच हातून ते उतरले असावे. गुडघ्याएवढ्या उंचीच्या फळीवर एका धीराच्या माणसाने बसावे, रुग्णाला त्याच्या मांडीवर उताणे टेकवावे, वैद्याने नखे काढलेली व तेल लावलेली डाव्या हाताची दोन बोटे गुदद्वारात घालून खडा पुढे आणावा, आणि मधल्या शिवणीच्या डावीकडे जवाएवढे अंतर सोडून खड्याच्या मापाचा छेद घ्यावा, असा तो क्रम आहे. खडा फुटू देऊ नये, कारण मागे राहिलेला कणही पुन्हा वाढतो, अशी ताकीद आहे. मुलांचे मूत्राशय लहान आणि मांस कमी असल्याने त्यांचा खडा सहज हाती लागतो, हेही नोंदले आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मरण निश्चित आणि केल्यास जगण्याविषयी संशय, म्हणून आधी राजाची वा धन्याची अनुमती घ्यावी, हा सल्ला वैद्याच्या जिवाची काळजी वाहणारा दिसतो.

ग्रीकांकडे हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या शपथेत वैद्याने खड्यासाठी शस्त्र धरू नये, ते काम करणाऱ्यांवर सोपवावे, असे कलम आहे. म्हणजे हे कसब करणारा वर्ग तेव्हाही वेगळा होता. रोममध्ये सेल्ससने पहिल्या शतकात सुश्रुताशी बरीच जुळणारी रीत लिहून ठेवली. पुढे युरोपात हा धंदा फिरस्त्यांच्या आणि घराण्यांच्या हाती गेला. फ्रान्समधील कोलो घराण्याने आपली रीत पिढ्यानपिढ्या गुपित राखली, तर साधूच्या वेशात गावोगाव हिंडणाऱ्या फ्रेर झाकने 1697 मध्ये पॅरिस गाठले आणि तिथल्या रुग्णालयांत त्याच्या हातून इतके रुग्ण दगावले की त्याच्या कीर्तीला ओहोटी लागली. त्याची बाजूने छेद घेण्याची पद्धत मात्र टाकाऊ नव्हती. लंडनच्या विल्यम चेसेल्डन यांनी शरीररचनेच्या अभ्यासाने ती सुधारली आणि 213 रुग्णांपैकी केवळ 20 दगावल्याचा हिशेब मांडला. भूल देण्याची सोय येण्यास अजून शतकभर अवकाश होता. तेव्हा वेग हीच दया होती, आणि चेसेल्डन यांचे काम मिनिटभरातही आटोपे.

सुरी टाळण्याचा एक विलक्षण प्रयत्न लखनौत झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील फ्रेंच अधिकारी क्लोद मार्तँ याने 1782 मध्ये मूत्रमार्गातून बारीक कानस आत घालून स्वतःच्या मूत्राशयातला खडा थोडा थोडा घासून काढला. खडा आतल्या आत फोडण्याची ही कल्पना झाँ सिव्हिआल यांनी 1824 मध्ये पॅरिसला प्रत्यक्ष रुग्णांवर यशस्वी केली, आणि बॉस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी 1878 मध्ये चुरा त्याच वेळी धुऊन काढण्याची जोड तिला दिली. लहान मुलांचा मूत्रमार्ग या उपकरणांना पुरणार नाही, असे बहुतेक शल्यविशारद समजत. इंदूरच्या कीगन यांनी 1880 च्या दशकात मुलग्यांवर हाच प्रयोग करून तो समज खोटा ठरवला. युरोपात रुग्ण थोडे होते, इथे रांग लागे, म्हणून हे शक्य झाले. या यशाचे श्रेय त्या मुलांच्या दारिद्र्यालाही द्यावे लागते.

मूत्रपिंडापर्यंत सुरी पोहोचण्यास मात्र बराच काळ लागला. हायडेलबर्गच्या गुस्ताव झिमोन यांनी 1869 मध्ये एका स्त्रीचे एक मूत्रपिंड ठरवून काढले, तेही आधी कुत्र्यांवर प्रयोग करून, एका मूत्रपिंडावर प्राणी जगतो अशी खात्री पटल्यावरच. 1980 मध्ये म्युनिकला शरीराबाहेरून आघातलहरी सोडून मूत्रपिंडातला खडा फोडण्यात आला, आणि या कामात छेद घेण्याची गरज बहुतांश उरली नाही.