फेनवेचा शाप आणि चोरलेला बेस

बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल क्लबच्या 2004 सालच्या विजयाची कथा सहसा शापापासून सुरू होते. मालक हॅरी फ्रेझीने 1919च्या अखेरीस बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजना विकलं, मग 1918च्या विजेतेपदानंतर 86 वर्षं बोस्टनचे हात रिकामे राहिले आणि शेवटी शाप उतरला. कथा झकास आहे, पण ती क्लबला फार स्वस्तात सोडते. शापाचं हे प्रकरण घरोघरी पोचलं तेच मुळी 1990 साली डॅन शॉनेसी यांच्या पुस्तकामुळे. त्याआधीच्या अपयशाचा जाब विचारायचा तर 1945 सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूची क्लबच्या मैदानावर, फेनवे पार्कवर, चाचणी झाली आणि क्लबने त्याला घेतलं नाही. बोस्टनच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, आला तो 1959 साली. तेव्हाच्या सोळा प्रमुख संघांत सर्वांत शेवटी. चांगल्या माणसांना दारातूनच परत पाठवणाऱ्या क्लबला वेगळ्या शापाची गरज काय?

2004 साली हिशेब उलटा होता: बाहेरून आणलेली माणसंच कामी आली. यांकीजविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेतले पहिले तिन्ही हरलेले, तिसरा तर 19-8 असा. 17 ऑक्टोबरच्या चौथ्या सामन्यात यांकीज नवव्या डावात 4-3ने पुढे, आणि चेंडू त्यांच्या मारिआनो रिवेराच्या हातात. केव्हिन मिलरला चार बॉलमुळे पहिला बेस मिळाला. त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. जुलैच्या शेवटच्या दिवशी लॉस एंजेलिसहून आणलेला, मुख्यतः पायांच्या वेगासाठी. सगळ्या मैदानाला कळत होतं की हा दुसरा बेस चोरणार. रिवेराने तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकून त्याला जखडायचा प्रयत्न केला. मग बॅटरला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स सुटला आणि यांकीजच्या जीटरचा हात लागण्याआधी दुसऱ्या बेसवर पोचला. बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरी झाली. याच म्युलरने जुलैत रिवेराला होमरन ठोकून सामना जिंकून दिला होता. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून 6-4 केलं. हा ऑर्टिझही 2002 साली मिनेसोटाने सोडून दिलेला.

विजयाचं श्रेय अशा निवडीला देण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला पैशाचा: खेळाडूंवर खर्च करण्यात रेड सॉक्स दुसऱ्या क्रमांकावर होते. खरं आहे, पण पहिल्या क्रमांकावर यांकीजच होते. दुसरा आक्षेप नशिबाचा, आणि तो जास्त वजनदार आहे. पाचव्या सामन्यात 4-4 असताना यांकीजच्या टोनी क्लार्कने मारलेला चेंडू टप्पा पडून प्रेक्षकांत उडाला, म्हणून नियमाने रुबेन सिएराला तिसऱ्या बेसवर थांबावं लागलं. चेंडू मैदानात राहता तर सिएरा बहुधा घरी पोचला असता. पण नशिबाने सामना फक्त लांबला. बेसबॉलचा सामना घड्याळाने संपत नाही, लांबलेल्या सामन्यात टाकायला हात शिल्लक लागतो. तो बोस्टनच्या टिम वेकफील्डचा होता. तिसऱ्या सामन्याची धूळधाण होत असताना स्वतःची चौथ्या सामन्याची पाळी सोडून त्याने तीनहून अधिक डाव टाकले, इतर गोलंदाजांना विश्रांती दिली, आणि पाचव्या सामन्यात शेवटचे तीन डाव एकही धाव न देता काढले. चौदाव्या डावात ऑर्टिझने 5-4 केलं.

पुढचे दोन सामनेही जिंकून बोस्टनने मालिका घेतली. 0-3वरून असं अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल लीगमध्ये आधी कुणी केलं नव्हतं. मग अंतिम मालिकेत सेंट लुईसला सलग चार सामन्यांत हरवून विजेतेपद मिळवलं. त्या चार सामन्यांत रॉबर्ट्सला एकदाही मैदानात उतरवलं नाही, आणि डिसेंबरात क्लबने त्याला सॅन दिएगोला देऊन टाकलं.