पाट्या, चुना आणि ऑपेरा हाउस

सुट्टीत मुंबईला गेलात की फोर्टमधल्या डी. एन. रोडवर कमानींखालून चालता ना? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्या कमानी धड दिसतही नव्हत्या. दुकानांच्या पाट्यांनी अन् एसीच्या खोक्यांनी सगळं झाकलेलं. दिल्लीत शिकून मुंबईत आलेल्या वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तेव्हा तरुण वयात या रस्त्याचा अभ्यास केला आणि पाटी कुठे, केवढी असावी याची मार्गदर्शिका लिहिली.

मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंचे नियम आले होते, देशात पहिल्यांदाच. पण नियमाने पाटी खाली उतरत नाही. त्यासाठी एकेका दुकानदाराशी बोलावं लागतं. व्यापाऱ्याला त्याची पाटी लहान करायला लावणं आम्हाला एमबीएत कुणी शिकवलं नव्हतं! २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या रस्त्याचं नाव आलं.

या क्षेत्रात हात राखून काम करावं लागतं. आम्ही आयटीवाले जुनी प्रणाली दिसली की बदलायला निघतो. इथे उलटं. जुनी भिंत चुन्याची असेल तर दुरुस्तीही चुन्यानेच. वरून सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल आतच कोंडते आणि दगड-विटा झडू लागतात. गावाकडच्या वाड्याला “एकदा सिमेंट मारून टाका” असं फोनवरून सांगणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

लांबाबाईंचं मला सर्वांत भावलेलं काम म्हणजे गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर, पृथ्वीराज कपूर या रंगमंचावर उभे राहिले. पुढे सिनेमागृह झालं, आतली रचना बदलली आणि १९९३ साली दाराला कुलूप लागलं. मालक गोंडलचं राजघराणं. त्यांनी ते पाडलं नाही, हे आपलं नशीब. लांबा यांनी जुने फोटो धुंडाळून मूळ रूप शोधलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा उघडला.

दोन वर्षांनी मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. तो प्रस्तावही त्यांनीच तयार केला होता.

ऑपेरा हाउस चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. पुढच्या खेपेला एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट काढा, आणि दिवे मालवण्याआधी जरा लवकर जाऊन बसा. मान वर करून छत बघायला वेळ हवा.